ट्रॅक्टर पाणी पीत नाही

(अवजार बँक चालवणाऱ्या गटांच्या बैठकीत झालेलं हे बोलणं. बोलल्यासारखंच ठेवलं आहे.)



आजचा विषय ट्रॅक्टरच्या इंजिनातलं पाणी. विषय ऐकून काही जणी भिंतीकडे सरकल्या, ते दिसलं मला. "ते सगळं ड्रायव्हर बघतो" असं चहाच्या वेळी दोघी-तिघींनी सांगितलंही. बघतो, बरोबर आहे. पण हप्ता ड्रायव्हर भरत नाही, गट भरतो. कर्जाच्या कागदावर सह्या तुमच्या आहेत. आणि ऐन पेरणीत ट्रॅक्टर बंद पडला तर लोक ड्रायव्हरच्या दारात येत नाहीत, तुमच्या दारात येतात.

मघाशी मी विचारलं होतं की तुमच्या ट्रॅक्टरला रेडिएटरमध्ये पाणी किती दिवसांनी घालावं लागतं. एक ताई म्हणाल्या, आठवड्याला. दुसऱ्या म्हणाल्या, रोज सकाळी तांब्याभर. तिसऱ्या म्हणाल्या, "उन्हाळ्यात जास्त पितो." हा शब्द मी धरून ठेवला आहे. ट्रॅक्टर डिझेल पितो. पाणी पीत नाही. इंजिनातलं पाणी म्हणजे बंद भांड्यातलं पाणी, तेच तेच फिरत राहतं. ते रोज कमी होत असेल तर कुठून तरी बाहेर जातंय, नाहीतर आत जिथं जाऊ नये तिथं जातंय. दोन्ही गोष्टी वेळेत कळल्या तर खर्च शेकड्यांत राहतो. नाही कळल्या तर हजारांत जातो, आणि हंगाम गेला तो वेगळाच.

आधी हे पाणी करतं काय ते बघू. तुम्ही टाकीत शंभर रुपयांचं डिझेल घातलं तर ढोबळमानानं त्यातल्या तिसऱ्या हिश्शाचंच काम होतं, म्हणजे नांगर ओढला जातो, रोटाव्हेटर फिरतो. बाकीची नुसती उष्णता. काही धुराबरोबर सायलेन्सरमधून जाते आणि बरीचशी इंजिनच्या लोखंडात उतरते. ती तिथून काढली नाही तर पिस्टन फुगून सिलिंडरमध्ये अडकतो. गावात म्हणतात ना, "इंजिन जाम झालं", ते हेच. म्हणून सिलिंडरच्या भोवती पोकळी ठेवलेली असते, तिच्यातून पाणी फिरतं. वॉटर पंप ते ढकलतो. गरम झालेलं पाणी वरच्या रबरी पाइपनं रेडिएटरमध्ये येतं, बारीक नळ्यांतून खाली उतरतं, पंखा त्या नळ्यांमधून वारा ओढतो, आणि निवलेलं पाणी खालच्या पाइपनं परत इंजिनात जातं. दिवसभर हेच चालू. (काही जुन्या लहान ट्रॅक्टरांचं इंजिन नुसत्या हवेवर थंड होतं, त्यांना रेडिएटरच नसतो. तसा कुणाचा असेल तर तिनं आज फक्त जाळी साफ करण्याचा भाग लक्षात ठेवावा.)

मध्ये एक छोटा दरवाजा असतो, थर्मोस्टॅट. इंजिन गार असताना तो बंद राहतो, पाणी इंजिनातल्या इंजिनात फिरतं आणि लवकर कामाच्या तापमानाला येतं. साधारण ऐंशी अंशांच्या आसपास तो उघडतो आणि पाणी रेडिएटरकडे सोडतो. हा दरवाजा अडकला, उघडलाच नाही, तर ट्रॅक्टर तापतो. मग काही मिस्त्री काय करतात? तो काढूनच टाकतात. "आपल्याकडं गरम हवा, कशाला पाहिजे हा." तुमच्या ट्रॅक्टरचा काढलाय का, हे आज घरी गेल्यावर विचारा. थर्मोस्टॅट नसला की इंजिन गारच राहतं, डिझेल नीट जळत नाही, जास्त लागतं, ऑइल लवकर खराब होतं आणि लायनर झिजतो. ट्रॅक्टर तापत नाही म्हणून सगळे खूश, आणि नुकसान मात्र गुपचूप चालू. तो चांगला आहे की नाही हे तुम्ही चुलीवर बघू शकता. पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोरीला बांधून तळाला टेकू न देता त्यात सोडा, पाणी तापवा. उकळी यायच्या आत तो उघडायला हवा आणि गार झाल्यावर परत मिटायला हवा. जुनं पातेलं घ्या मात्र, जेवणातलं नको.

आता पाणी कसलं घालतो आपण? जे जवळ असेल ते. बोअरचं, विहिरीचं, शेततळ्याचं, कधी कॅनॉलचं. तुमच्या गावच्या बोअरच्या पाण्यानं हंड्याला आतून पांढरा थर धरतो. पाणी तापवायच्या भांड्याला तर दोन महिन्यांत कवच येतं. इंजिनात घातलेलं पाणीही रोज तापतं, दिवसदिवस तापतं. तोच चुनखडीचा थर इंजिनच्या पोकळीत बसतो, रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. हा थर उष्णता जाऊ देत नाही. बाहेरून रेडिएटर चकचकीत, आत नळ्या अर्ध्या बुजलेल्या. वर पाणी रोज थोडं कमी होतं म्हणून रोज नवीन क्षारांचं पाणी पडतं, म्हणजे थर रोज वाढतो. गळती आणि क्षार, ही जोडी इंजिन खाते.

म्हणून साधं पाणी नको, कूलंट पाहिजे. यावर एक भाऊ मला नेहमी म्हणतात, "ते बर्फाच्या मुलखातलं औषध आहे, आपल्याकडे पाणी गोठतंय कुठं?" गोठत नाही, खरं आहे. पण कूलंटमध्ये गंज धरू न देणारी द्रव्यं असतात, आपल्याला त्यांची गरज आहे. शिवाय साधं पाणी शंभर अंशांना उकळतं, निम्मं कूलंट मिसळलेलं पाणी उघड्यावरही १०६-१०७ अंशांपर्यंत थांबतं. आणि रेडिएटरचं झाकण आत दाब धरून ठेवतं, त्यामुळे ते आणखी वर जातं. कुकरमध्ये डाळ लवकर का शिजते, तेच कारण. कुकरची रिंग सैल झाली की वाफ बाजूनं जाते आणि शिट्टीच होत नाही. तसं या झाकणाचं रबर चिरलं की दाब धरत नाही, पाणी लवकर उकळतं आणि बाहेर पडतं. किती तरी वेळा "पाणी पिणाऱ्या" ट्रॅक्टरचं दुखणं एवढंच असतं. झाकण ही या सगळ्यातली स्वस्तातली वस्तू आहे. बदलायला लावा, पण आपल्या मॉडेलचंच घ्या, कारण दाबाचा आकडा प्रत्येकाचा वेगळा असतो, तो झाकणावर लिहिलेला असतो.

कूलंट दोन तऱ्हांनी मिळतं. एक तयार, जसंच्या तसं ओतायचं. दुसरं घट्ट, त्यात पाणी मिसळायचं. डबा नीट वाचा. घट्ट असेल तर डब्यावरच्या प्रमाणात पाणी घाला, आणि ते पाणी बॅटरीत घालतो ते, बोअरचं नाही. रंगावर जाऊ नका. हिरवं, लाल, निळं, रंग कंपनी ठरवते, रंग सारखा म्हणून आतलं द्रव्य सारखं असेलच असं नाही. दोन जातींची कूलंट एकत्र केली तर गंजाविरुद्धची ताकद जाते, कधी चिकट गाळही होतो. डब्याचं नाव वहीत लिहून ठेवा, पुढच्या वेळी तेच आणा.

आता धुण्याकडे येते. बाकी काही विसरलात तरी हे ऐका, कारण पुढच्या वेळी मिस्त्री "पाणी बदललं" म्हणून बिल देईल तेव्हा त्यानं काय केलं पाहिजे होतं हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे.

काम हंगाम नसताना काढायचं. पुस्तिकेत किती तासांनी किंवा किती वर्षांनी कूलंट बदलायचं ते दिलेलं असतं, पुष्कळ ट्रॅक्टरांना दोन वर्षं असतात. साधं पाणीच वापरत आला असाल तर वाट बघू नका, याच उन्हाळ्यात करा. ट्रॅक्टर सपाट जागी उभा, हँडब्रेक ओढलेला, किल्ली काढून एका बाईच्या कमरेला. आणि साडीचा पदर खोचलेला, ओढणी काढून ठेवलेली, वेणी वर बांधलेली. पंखा आणि पट्टा फिरत असताना कपडा धरला गेला तर तो सोडत नाही. पीटीओच्या दांड्याजवळही हाच नियम. हे मी भीती घालायला सांगत नाही, खेड्यापाड्यातले असे अपघात तुम्हीही ऐकलेत.

इंजिन निवू द्या. रेडिएटरला तळहात निवांत टेकवता आला म्हणजे निवलं. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही, गोणपाट धरून पण नाही. कुकरचं झाकण वाफ असताना उघडल्यावर काय होतं ते आपल्याला शिकवायला नको, इथं तर आठ-दहा लिटर उकळतं पाणी तोंडावर येतं. निवल्यावर झाकण सोडा. खाली मोठं घमेलं किंवा टोपलं नाही, बादली ठेवा, आणि रेडिएटरच्या तळाचा नळ उघडा. इथंच निम्मे मिस्त्री थांबतात. इंजिनच्या अंगालाही एक बूच असतं, तेही सोडलं पाहिजे, नाहीतर इंजिनच्या पोकळीतलं गढूळ पाणी आतच राहतं. तुम्ही समोर उभ्या राहून विचारा: "दादा, इंजिनचं बूच सोडलं का?" एवढ्या एका प्रश्नावर तो तुमच्याकडे वेगळ्या नजरेनं बघेल.

निघालेलं पाणी मोजा. किती लिटर आलं ते पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून बघा. बरंच कमी आलं तर एकतर पातळी आधीच खाली होती किंवा आत गाळ आहे. रंग बघा. तांबूस असेल तर गंज. वर तेलाचा तवंग असेल तर थांबा, ते धुण्याचं काम नाही, त्याकडे नंतर येते.

नळ आणि बूच बंद करून स्वच्छ पाणी आणि रेडिएटर धुण्याचं औषध भरा. औषध ट्रॅक्टरच्या दुकानात मिळतं, प्रमाण डब्यावर असतं. जुने लोक धुण्याचा सोडा वापरायचे. तांबा-पितळेच्या जुन्या रेडिएटरला तो चालून जायचा, पण ॲल्युमिनियमच्या रेडिएटरला सोडा खातो आणि आता पुष्कळ रेडिएटर ॲल्युमिनियमचेच येतात. म्हणून सोडा नको. आणि संडास धुण्याचं ॲसिड तर मुळीच नको. क्षार जातात, त्याच्याबरोबर नळ्याही जातात.

झाकण लावून इंजिन चालू करा. नुसतं पाच मिनिटं चालवून बंद केलं तर उपयोग नाही, कारण थर्मोस्टॅट उघडला नाही तर औषध रेडिएटरपर्यंत फिरतच नाही. पंखा-पट्ट्यापासून लांब राहून वरच्या रबरी पाइपला अंदाजानं हात लावून बघा. तो गरम झाला म्हणजे दरवाजा उघडला. तिथून डब्यावर लिहिलेला वेळ मोजा. मग बंद करा, परत पूर्ण निवू द्या, परत दोन्हीकडून सोडा. नंतर नुसत्या स्वच्छ पाण्यानं हेच करा, बाहेर पडणारं पाणी नितळ दिसेपर्यंत. दोनदा लागेल, चारदाही लागेल. मध्ये दर वेळी निववायचं असल्यामुळे अख्खा दिवस जातो. तासाभरात "झालं" म्हणणाऱ्यानं हे केलेलं नसतं. गरम इंजिनात गार पाणी ओतून घाई केली की हेडला तडा जातो, म्हणून घाई तुमच्याकडूनही नको. शेवटचं धुणं बॅटरीच्या पाण्यानं झालं तर फारच चांगलं, कारण थोडं पाणी आत राहतंच.

थर खूप जुना असेल तर मिस्त्री थर्मोस्टॅट आणि पाइप काढून उलट दिशेनं, म्हणजे रेडिएटरच्या खालच्या तोंडातून वर, पाणी सोडतो. गाळ ज्या वाटेनं बसला त्याच वाटेनं उलटा निघतो. पाइप उघडलेच आहेत तर ते दाबून बघा. भेगा पडलेत, फुगलेत, पिचपिचीत झालेत, तर आत्ताच बदला. पट्टाही बघा. दोन चाकांच्या मधोमध अंगठ्यानं दाबला तर साधारण अर्धा इंच दबावा. जास्त सैल असेल तर पंखा आणि पंप नीट फिरत नाहीत, फार ताणलेला असेल तर बेअरिंग जातं.

मग कूलंट भरायचं. हळूहळू, धार बारीक ठेवून, म्हणजे आत हवा अडकत नाही. भरल्यावर झाकण उघडंच ठेवून इंजिन मंद चालवा, तोंड लांब ठेवा. बुडबुडे येतील, दरवाजा उघडला की पातळी खाली जाईल, तेवढं भरा, झाकण लावा. दुसऱ्या दिवशी गार इंजिनावर परत पातळी बघा. पहिल्या दिवशी थोडी उतरते, ते ठीक. त्यानंतर उतरायला नको.

निघालेल्या जुन्या कूलंटबद्दल एक गोष्ट कळकळीनं सांगते. ते विषारी असतं आणि चवीला गोड असतं. शेळी, कुत्रं, वासरू चाटतं. लहान मूलही. अंगणात बादली ठेवून चहाला जाऊ नका. ओढ्यात, विहिरीजवळ, उकिरड्यावर ओतू नका. झाकणाच्या कॅनमध्ये भरून वर "विष" असं लिहा आणि गॅरेज जुनं ऑइल घेतं तिथं घेतात का विचारून द्या. उरलेलं नवीन कूलंटसुद्धा थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत कधीच भरून ठेवू नका. रंगीत असतं, सरबत वाटतं.

आता रोजचं बोलू. ते पाच मिनिटांचं आहे. सकाळी गार इंजिनावर पातळी बघायची, खाली जमिनीवर थेंब पडलेत का बघायचं, आणि रेडिएटरच्या पुढची जाळी झाडायची. मळणीच्या दिवसांत ही जाळी सगळ्यात आधी दगा देते. सोयाबीनचा भुसा, तुरीचं काड, उडणारी धूळ पंखा ओढून घेतो आणि रेडिएटरच्या पात्यांमध्ये गच्च बसवतो. आतलं कूलंट कितीही चांगलं असू दे, वाराच जात नसेल तर तापणारच. मळणीत दुपारीसुद्धा एकदा, इंजिन बंद करून, साफ करा. पाणी किंवा हवा इंजिनच्या बाजूनं बाहेर मारायची, कारण कचरा बाहेरून आत आलेला असतो. धार मध्यम. गाडी धुण्याच्या जोरदार मशीननं ती पातळ पाती वाकतात आणि मग वारा कायमचा अडतो.

शेतात तापलाच तर ड्रायव्हरला काय सांगून ठेवायचं? काटा लाल पट्ट्याकडे सरकला की लगेच पीटीओ सोडायचा, ओझं काढायचं, इंजिन काही मिनिटं मंद चालू द्यायचं आणि मग बंद करायचं. पण पाइप फुटून पाणीच वाहून गेलं असेल, वाफ येत असेल, तर त्याच क्षणी बंद. "एवढा पट्टा संपवतो मग बघू" हे वाक्य सगळ्यात महाग पडतं. एकरी भाड्यावर ठेवलेला ड्रायव्हर हे वाक्य जास्त म्हणतो, कारण थांबला तर त्याचा रोज बुडतो. म्हणून गटानं आधीच ठरवून सांगावं की ट्रॅक्टर तापला म्हणून थांबलास तर त्या वेळेचे पैसे कापणार नाही. माझ्या मते कूलंटपेक्षाही हा ठराव जास्त इंजिनं वाचवेल.

आणि तो तेलाचा तवंग. ऑइलची पट्टी काढून बघितल्यावर ऑइल ताकासारखं पांढुरकं दिसलं, किंवा रेडिएटरमध्ये तेल तरंगलं, किंवा गार इंजिन चालू केल्या केल्या रेडिएटरमध्ये सारखे बुडबुडे येत राहिले, तर बहुधा हेड गॅस्केट गेलंय, नाहीतर आत कुठं तडा आहे किंवा ऑइल कूलर फुटलाय. पाणी जिथं जाऊ नये तिथं जातंय म्हणाले ना सुरुवातीला, ते हे. ट्रॅक्टर त्या दिवसापासून उभा करा. चालवत राहिलात तर पाणी मिसळलेल्या ऑइलवर बेअरिंग जातात आणि साधं गॅस्केटचं काम पूर्ण इंजिनाचं होतं.

एका ताईंनी विचारलं की आम्ही हे विचारायला गेलो तर घरातलेच हसतात. ड्रायव्हर बहुधा कुणाचा तरी पुतण्या नाहीतर दीर असतो, त्याला वाटतं आपल्यावर अविश्वास दाखवला. त्यावर उपाय वही. तारीख, मीटरचे तास, सकाळची पातळी, किती घातलं, कुणी बघितलं. पाच रकाने. रोज एक बाई पाळीनं लिहील आणि ड्रायव्हर सही करेल. तोंडी विचारलं की भांडण होतं, वहीत आकडा दिसला की बोलणं आकड्यावर राहतं. "गेल्या दहा दिवसांत चार लिटर घातलं, भाऊ, कुठं जातंय बघू या का?" यात कुणाचा अपमान नाही. बचतीची वही आपण इतकी वर्षं अशीच सांभाळली आहे.

पुढच्या बैठकीला प्रत्येक अवजार बँकेनं ही वही आणायची आहे. सोबत ट्रॅक्टरची पुस्तिका, हरवली असेल तर डीलरकडून दुसरी मागून घ्या. आणि रेडिएटरचं झाकणही आणा, गार इंजिनावरून काढलेलं. सगळ्यांची रबरं इथंच बघू.